लॉर्ड हेन्री सॉमरसेट : कायद्याचा बळी की सुटून गेलेला नवरा?

सुरावट :
सध्या व्हिक्टोरियन काळातल्या दिवाणखान्यातल्या गाण्यांवर वाचतोय, पियानोपाशी बसून घरच्या घरी म्हणायची ती बॅलड्स, आणि त्यात लॉर्ड हेन्री सॉमरसेट या माणसापाशी येऊन अडकलोय. जन्म १८४९चा, ब्यूफर्टच्या आठव्या ड्यूकचा दुसरा मुलगा. घर म्हणजे ग्लॉस्टरशरचं बॅडमिंटन हाउस, पुण्यात इंग्रज अधिकारी खेळायचे त्या खेळाला ज्याचं नाव चिकटलं तेच. १८७१ला मॉनमथशरमधून कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार, १८७४ला डिझरायली पंतप्रधान झाल्यावर राणीच्या दरबारात कम्प्ट्रोलर ऑफ द हाउसहोल्ड, तेही पंचविशीच्या आत. १८७२ला लग्न झालं ते अर्ल सॉमर्सच्या मुलीशी, इस्टनॉर कॅसलची वारस असलेल्या लेडी इझाबेलाशी. दोन वर्षांनी मुलगा झाला. आणि मग इझाबेलाला कळलं की नवऱ्याचा जीव एका तरुण मुलावर जडलाय. ती मुलाला घेऊन आईकडे गेली, १८७८ला कोर्टाने मुलाचा ताबा तिला दिला, आणि हेन्री दरबारातलं पद, खासदारकी सगळं सोडून इटलीला निघून गेला. पुढचं अख्खं आयुष्य तिकडेच, १९३२ला फ्लॉरेन्समध्ये वारला.

माझं म्हणणं असं की हा माणूस बळी होता आणि तसं स्पष्ट म्हणायला हवं. कोणावर प्रेम करतो एवढ्यावरून देश सुटला. कुठेही वाचा, ‘अ साँग ऑफ स्लीप’, ‘एको’ या गाण्यांना एक ओळ आणि भानगडीला दोन पानं. अशा माणसाला लग्नच करायला लावायचं आणि मग लग्न मोडलं म्हणून त्यालाच दोष द्यायचा, हे मला पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

नीलकांती :
प्रचंड असहमत. बळी म्हणताय तर इझाबेलाचं काय झालं तेही लिहा ना, तुमच्या धाग्यात ती मुलगा घेऊन जाते आणि तिथेच गायब होते. लंडनच्या उच्चभ्रू मंडळींनी दारं लावून घेतली ती तिच्यावर, बाहेरची आमंत्रणं बंद झाली ती तिची. का, तर तिने कोर्टात जाऊन नवऱ्याबद्दल तोंड उघडलं. बायकोने गिळून गप्प बसायचं हा तिथला अलिखित नियम होता आणि तो मोडल्याची शिक्षा तिला झाली. तो इटलीच्या उन्हात गाणी करत बसला.

आणि ‘लग्न करायला लावलं’ हे तिलाही लागू नाही का? तिला कोणी सांगितलं होतं का की तू कोणाशी लग्न करतेयस? वीस-एकवीसची पोर होती.

जुना वकील :
कायद्याची बाजू थोडी मांडतो. १८५७च्या कायद्याने नवऱ्याला नुसत्या व्यभिचाराच्या कारणावर घटस्फोट मिळायचा, बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा सोडून जाणं असं आणखी काही सिद्ध करावं लागायचं. नवऱ्याचे पुरुषाशी संबंध हे मात्र बायकोला एकटं पुरेसं कारण होतं. म्हणजे इझाबेलाने ठरवलं असतं तर ती घटस्फोट मागू शकत होती, पण धार्मिक श्रद्धेमुळे मागितला नाही, आणि त्या प्रकारचा खटला चालला असता तर हेन्रीवर फौजदारी येण्याचीही भीती होती. १८६१पर्यंत त्या गुन्ह्याला फाशी होती, १८६१ला ती गेली आणि किमान दहा वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आली. तेव्हा सुरावट म्हणतायत ती भीती खरीच होती.

मुलाचा ताबा मिळाला तो १८७३च्या कायद्यामुळे, त्यात सोळा वर्षांपर्यंत मूल आईकडे देण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला होता. त्याआधीच्या १८३९च्या कायद्यात ही मर्यादा सात वर्षांची. दहा वर्षं आधी हा खटला उभा राहिला असता तर सात पूर्ण झाल्यावर मूल बापाकडे गेलं असतं, हा विचार करा.

पाटाखालचं पाणी :
वकीलसाहेब, आपल्याकडचं एक जोडू द्या. नांदायला नकार देणाऱ्या बायकोला तुरुंगात टाकायची तरतूद इंग्लंडने १८८४ला काढून टाकली, आणि त्याच वर्षी मुंबईत दादाजी भिकाजीने रखमाबाईंवर दावा लावला. १८८७ला निकाल आला की नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद. स्वतःच्या देशात जे सोडलं ते इथे चालू ठेवलं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ची पण तीच गोष्ट, १८६०च्या दंडसंहितेत घातलं आणि इथे सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांवरून ते निघायला २०१८ उजाडलं. हेन्रीला ज्या कायद्याने पळवलं त्याच जातीचा कायदा आपल्या डोक्यावर दीडशे वर्षं होता, म्हणून मला त्याच्याबद्दल कळवळा वाटतो, मग तो लॉर्ड का असेना.

तिसरी घंटा :
लॉर्ड का असेना कसं? लॉर्ड होता म्हणून तर वाचला! त्याचाच धाकटा भाऊ बघा, लॉर्ड आर्थर सॉमरसेट, प्रिन्स ऑफ वेल्सच्या तबेल्याचा प्रमुख. १८८९ला लंडनच्या क्लीव्हलँड स्ट्रीटवरच्या घराचं प्रकरण फुटलं, तिथे तारखात्यातली पोरं पैशासाठी श्रीमंत गिऱ्हाइकांकडे जायची. न्यूलव्ह नावाच्या कारकुनाला चार महिने आणि त्याचा साथीदार व्हेकला नऊ महिने सक्तमजुरी झाली. आर्थरसाहेब वॉरंट निघायच्या आत फ्रान्सला. एकाच घरातले दोन भाऊ दहा वर्षांच्या अंतराने त्याच वाटेने सुटले आणि आत गेली ती पगारी माणसं. कायद्याचा बळी शोधायचा असेल तर तो तारेचा थैला घेऊन हिंडणाऱ्या पोरात शोधा, ड्यूकच्या घरात नको.

पेटीवाली :
सगळे कायद्यावर बोलतायत, गाण्यावर कोणीच नाही म्हणून लिहिते. या बॅलड्सचा धंदा कसा चालायचा ते समजून घ्या. प्रकाशक नावाजलेल्या गायकाला दर खपलेल्या प्रतीमागे पैसे द्यायचा, बदल्यात गायकाने ते गाणं कार्यक्रमांत गायचं. बूझी या प्रकाशकाच्या बॅलड कॉन्सर्ट्स १८६७पासून लंडनच्या सेंट जेम्स हॉलमध्ये याच हिशोबावर चालल्या. ऐकून घरी जाणारा माणूस दुकानातून ते गाणं विकत घ्यायचा, कव्हरवर गायकाचं नाव ठळक आणि एकच गाणं दोन-तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत छापलेलं, घरातल्या बाईचा आवाज वर जात नसेल तर खालच्या पट्टीची प्रत घ्यायची. स्वर आवाक्यातले, साथ हाताला सोपी, शेवटी आवाज जरा चढवायला एक जागा. हेन्रीची गाणी या साच्यात बसणारी आहेत, त्यापलीकडे फारशी जात नाहीत. ‘एको’ला शब्द क्रिस्टिना रॉसेटीचे, आणि मला प्रामाणिकपणे वाटतं की त्यात वजन आहे ते शब्दांचं.

कवितांचंही तेच. ‘साँग्ज ऑफ ॲड्यू’ १८८९ला आलं तेव्हा ऑस्कर वाइल्डने त्याची कडक झाडाझडती घेतली, म्हणाला या माणसाकडे हृदय जास्त आणि कला कमी. सहा वर्षांनी वाइल्ड स्वतः पुरुषांशी संबंधांवरून तुरुंगात गेला म्हणून त्याचं ते मत चूक ठरत नाही. सहानुभूती माणसाला द्या, गाण्याला फुकटचे मार्क देऊ नका.

सुरावट :
पेटीवाली, साच्याबद्दल मान्य, पण त्या साच्यात हजारो गाणी छापली गेली आणि कुठे गेली पत्ता नाही, याची लोक पुढे कितीतरी वर्षं म्हणत राहिले. विरहाचं गाणं करणारा माणूस खरोखर हद्दपारीत बसलेला असणं आणि नुसती फॅशन म्हणून करणं यात फरक मला तरी ऐकू येतो.

तिसरी घंटा, तारखात्यातल्या पोरांबद्दल शंभर टक्के बरोबर. पण त्यांच्यावर जास्त अन्याय झाला म्हणून याच्यावर झालाच नाही असं कसं म्हणायचं?

आणि नीलकांती, इझाबेलाला धाग्यात दोनच ओळी दिल्या ही तुमची तक्रार रास्त आहे. फक्त एक सांगा, ती नंतर जे काही झाली ते घडलं तरी कसं? १८९०ला ब्रिटिश विमेन्स टेम्परन्स असोसिएशन या दारूविरोधी बायकांच्या संघटनेची अध्यक्ष, १८९५ला सरेमध्ये डक्सहर्स्टची वसाहत, दारूत बुडालेल्या बायकांना तुरुंगाऐवजी बागेत काम, छोटी घरं, सोबत लेकरं. हे सगळं ब्यूफर्टच्या सुनेला नवऱ्याच्या घरात राहून करता आलं असतं?

नीलकांती :
म्हणजे हेन्रीने तिच्यावर उपकार केले? हे लॉजिक मला अजिबात चालणार नाही. माणसं अन्यायातून उभी राहतात त्याचं श्रेय अन्याय करणाऱ्याला जात नाही. डक्सहर्स्ट तिच्या पैशावर आणि तिच्या कष्टावर उभं राहिलं. अमेरिकेच्या फ्रान्सेस विलार्डच्या ज्या दारूविरोधी चळवळीशी आपल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत जोडल्या गेल्या, तिचीच जागतिक अध्यक्ष १८९८ला ही झाली.

पाटाखालचं पाणी :
तिला देवी करू नका एवढंच सांगतो. १८९७ला याच लेडी हेन्रीने, म्हणजे इझाबेलानेच, हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेसाठी छावणीतल्या वेश्यांवर सरकारी नियंत्रण आणि तपासणी असावी याला जाहीर पाठिंबा दिला होता. आपल्या पुण्याच्या नि इतर छावण्यांतल्या बायकांचा प्रश्न होता तो. अशा तपासणीच्या कायद्यांविरुद्ध लढणाऱ्या जोसेफीन बटलर भयंकर चिडल्या, तेव्हा कुठे १८९८ला तिने माघार घेतली.

नीलकांती :
तो डाग आहेच, लपवत नाही. पण आपण बोलतोय १८७८बद्दल, चार वर्षांचं पोर कडेवर घेऊन कोर्टात उभ्या राहिलेल्या बाईबद्दल. आणि हेही नोंदवून ठेवा की १९८४ला ब्यूफर्टची गादी फिरून याच मुलाच्या नातवाकडे आली. त्या मुलाला वाढवलं तिने.

सुरावट :
हे गादीचं माहीत होतं पण जोडून पाहिलं नव्हतं. तरी मी ‘बळी’ हा शब्द मागे घेत नाही, दोघांनाही लावायला तयार आहे, आणि तुम्ही एकालाच लावताय एवढाच आपला वाद उरलाय. पेटीवाली, ‘एको’ खालच्या पट्टीत एकदा वाजवून बघा, मग बोलू.