बंजारा तांड्यावरची आजी बांगड्या काढू देईना, बीपी कसं घेऊ?

जीएनएम (नर्सिंग डिप्लोमा) दुसऱ्या वर्षाला हाय, बीड. आजीच्या दंडापर्यंत बांगड्या, काढा म्हणलं की रडायलीय. सिस्टर म्हणतात जबरदस्ती नको पण रीडिंग पायजे. काय करू?

↳ काढूच नका ताई. बीपीचा मोठा पट्टा (कफ) मांडीला बांधा, गुडघ्यामागं स्टेथोस्कोपनं ऐका, चार्टवर 'मांडी' लिहा, तिथं वरचं प्रेशर जरा जास्त येतं.

↳ नर्सिंगच्या अभ्यासक मॅडेलिन लेनिंजर हेच सांगतात: रीत जपा, नायतर जुळवून घ्या, अगदीच धोका असंल तरच समजावून बदला.

↳ मी गोरमाटीच (बंजारा). 'याडी' (आई) म्हणून हाक मारा, सुनेला जवळ बसवा. माझ्या आजीच्या बांगड्या एका दवाखान्यात न विचारता कापल्या, आता महात्मा फुले योजनेत ५ लाखापर्यंत उपचार हायेत तरी ती दवाखान्याची पायरी चढत नाही.

↳ मांडीवर बीपी घेतलं, आजी गप बसली. थँक्यू!