परदेशी सरकारच्या धमक्या, राज्याचा कायदा काही कामाचा आहे का?

चाळीसगावकर: राम राम मंडळी. बहीण कॅलिफोर्नियात शिकते, तिची रूममेट दुसऱ्या देशाची, ती तिकडे मोर्चात गेली तर गावाकडे आईबापाच्या दारात पोलीस, आणि बहिणीला रात्री फोन, की पोरीला आवरा नाहीतर बघून घेऊ. पोरगी जेवत नाही धड. कुठे तक्रार करायची?

भुसावळ जंक्शन: भाऊ, धमकी आणि पाठलाग दोन्ही तिथे राज्याच्या कायद्यात गुन्हेच आहेत, पण फोन करणारा परदेशात बसलाय म्हणून लोकल पोलीस गोंधळतात. पोलिसांना हे ओळखायचं ट्रेनिंग द्यायचं बिल, एसबी ५०९, २०२५ मध्ये विधिमंडळात पास झालं आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसमनी व्हेटो केलं. मला ते अजिबात पटलं नाही.

धुळ्याची ताई: एफबीआयला कळवा, त्यांची ऑनलाइन टिप लाइन आहे. अटर्नी जनरलला, म्हणजे अमेरिकन केंद्र सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याला, न कळवता परदेशी सरकारसाठी तिथे काम करणं केंद्राच्या कायद्यात गुन्हा आहे, एप्रिल २०२३ ला न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधल्या बेकायदा चिनी पोलीस ठाण्याबद्दल दोघांना अटक झाली ती यातच. नंबर, वेळ, स्क्रीनशॉट सगळं जपून ठेवायला सांगा, घाबरून डिलीट करू नका म्हणावं.

चाळीसगावकर: ताई, आत्ताच बहिणीला फोन लावतो.