रेडमधली चूक आणि तिची कबुली : तुमचे अनुभव

मंडळी, ऑनलाइन खेळांत गटाने रेड केलेल्या सर्वांसाठी हा धागा काढतो आहे. सहा, आठ, पंचवीस किंवा जुन्या काळी चक्क चाळीस माणसे एकत्र येऊन एका बलाढ्य बॉसशी झुंजतात, आणि त्यांतल्या एकाचा पाय भलत्या जागी पडला की सगळ्यांचा निकाल लागतो, याला आपण वाइप म्हणतो. वाइपनंतर व्हॉइस चॅटवर काही क्षण कोणीच बोलत नाही. आपल्या हातून चूक झाली आहे हे ज्याला ठाऊक असते, त्याला ते क्षण फार लांब वाटतात. त्या वेळी तुम्ही काय केलेत, ते लिहा. खेळाचे आणि तुमच्या भूमिकेचे नाव जरूर द्या. गिल्डचे, म्हणजे खेळातल्या तुमच्या मंडळाचे, आणि सोबत्यांचे मात्र देऊ नका.

सुरुवात माझ्यापासून करतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, आइसक्राउन सिटाडेल, २०१०, पंचवीस जणांचा गट आणि समोर लिच किंग. मी पुण्यातून युरोपच्या सर्व्हरवर ड्रूइड हीलर, म्हणजे सोबत्यांच्या जखमा भरून काढणारा, म्हणून खेळत असे. तिकडचे हिवाळ्यातले रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेबारा, त्यामुळे घरचे झोपल्यावर हेडफोन लावून, कुजबुजत्या आवाजात रेड चाले. या लढाईत डिफाइल नावाचा एक काळा डाग कोणातरी एकाच्या पायाखाली पडतो. त्यात उभ्या असलेल्याला इजा होते आणि झालेल्या प्रत्येक इजेसरशी डाग आणखी पसरतो. म्हणून डाग पडताच सगळे सोडून पळायचे, एवढाच नियम. त्या रात्री टँकचे, म्हणजे बॉसचा मार स्वतःवर घेणाऱ्या सोबत्याचे, प्राण कंठाशी आले होते, माझा हील पूर्ण व्हायला सेकंदभर उरला होता, आणि मी तो सेकंद उभा राहिलो. डागाने बघता बघता निम्मा चौथरा गिळला.

‘कोण उभे होते?’ असे रेड लीडरने विचारले. मी मूग गिळून बसलो. माझ्या शेजारी त्या आठवड्यात नव्यानेच आलेला एक वॉरलॉक होता, त्याच्यावर सगळ्यांचा संशय गेला, आणि त्या बिचाऱ्याला स्वतःलाही खात्री नसल्याने तो ‘बहुधा मीच असेन’ असे म्हणाला. इथवर मला फक्त लाज वाटत होती. खरा घोटाळा पुढे झाला. रेड लीडरने वॉरलॉकची जागा बदलली, त्या बदलासाठी आणखी दोघांना हलवले, आणि त्यानंतरचे चार प्रयत्न डिफाइल आणि टँकवरचा मार एकाच वेळी आला की पुन्हा तसेच फसले, कारण बिघाड जागांमध्ये नव्हताच. त्या क्षणी टँकला दुसऱ्या कोणीतरी सांभाळायला हवे होते, आणि ते फक्त मलाच माहीत होते. दुसऱ्या दिवशी कोणीतरी कॉम्बॅट लॉग, म्हणजे लढाईतल्या प्रत्येक फटक्याची नोंद, उघडला, तेव्हा डिफाइलच्या पहिल्या तीन फटक्यांपुढे माझे नाव होते. मी माफी मागितली, ती स्वीकारलीही गेली, पण पंचवीस माणसांचा दीड तास आणि त्या वॉरलॉकची रात्र मी वाया घालवली होती. तो पुढच्या आठवड्यात आला नाही.

नाशिक, हंटर

माझ्या बाबतीत लपवण्याची सोयच नव्हती, तरी मी प्रयत्न केला, म्हणून लिहितो. २०१९ साली क्लासिक, म्हणजे वॉरक्राफ्टची जुनी आवृत्ती, पुन्हा सुरू झाल्यावर आम्ही दहा जण अप्पर ब्लॅकरॉक स्पायरमध्ये गेलो होतो. कड्यावरून खाली उडी मारायची असेल तर हंटरने पेटला, म्हणजे आपल्या पाळीव प्राण्याला, आधी निरोप द्यायचा असतो, कारण पेट उडी मारत नाही. तो आपला लांबचा रस्ता शोधत येतो आणि वाटेतल्या झाडून सगळ्या शत्रूंची वरात मागे घेऊन येतो. मी विसरलो. वरात आली. सगळे मेले. ‘हे कोणी आणले?’ या प्रश्नावर मी ‘काही कळले नाही’ असे लिहिले, आणि तेवढ्यात सर्वांच्या पडद्यावर, ढीगभर प्रेतांच्या मधोमध, डोक्यावर ‘मनी’ असे नाव आणि त्याखाली माझे नाव मिरवणारी माझी पांढरी वाघीण उभी होती.

स्वतःचे नाव ओरडत एकटाच शत्रूंवर धावून जाणाऱ्या लिरॉयची २००५ सालची ती प्रसिद्ध चित्रफीत याच जागेतली, त्यामुळे पुढचे दोन महिने मला काय नावाने हाक मारत असतील ते सांगायला नको. ती चित्रफीत मुद्दाम रचलेली होती. माझी मात्र अस्सल. पेटवरून आठवले, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात झुलगुरुबमधल्या हक्कार या बॉसचा करप्टेड ब्लड हा संसर्गही पेटांच्या अंगावरूनच शहरांमध्ये पोचला होता. पण तिथे कबुली देणार कोणापुढे? अख्खे शहरच आडवे पडले होते.

नागपूर, मेज

वॉरक्राफ्टच्या नॅक्सरॅमस रेडमधल्या हायगन या बॉसच्या लढाईला सगळे ‘डान्स’ म्हणतात, कारण तिथली जमीन ठरावीक क्रमाने एकेका पट्ट्यात उफाळते आणि आपल्याला तालात, न थांबता, सुरक्षित पट्ट्यातून पुढच्या सुरक्षित पट्ट्यात सरकावे लागते. मी २००९ मध्ये सलग तीन आठवडे तिथे मेलो आणि तिन्ही वेळा लॅगचे, म्हणजे इंटरनेटच्या दिरंगाईचे, कारण दिले. भारतातून खेळणाऱ्याचा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणारा वेळ, जास्त असतो हे सर्वांना ठाऊक असल्याने कोणी उलट विचारतही नसे. चौथ्या आठवड्यात आमच्यातल्या एका ऑस्ट्रेलियन प्रीस्टने, ज्याचा पिंग माझ्याहून वाईट होता, अत्यंत सभ्यपणे विचारले, ‘तू पुढच्या पट्ट्याकडे कधी निघतोस? उफाळा दिसल्यावर की आधी?’ मी दिसल्यावर निघत होतो. नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण माझ्यासाठी इतकी शब्दशः कधी खरी ठरेल असे वाटले नव्हते. ‘मला क्रमच पाठ नाही’ असे एकदाचे सांगितल्यावर त्याने मला पाच मिनिटे मागे मागे फिरवून तो शिकवला. लॅग खरा होता, हेही नमूद करतो. पण लॅगवर कोणाला उपाय करता येत नव्हता, आणि क्रम न येण्यावर होता.

लंडन, लूट वाटप

माझी चूक लढाईतली नाही, वाटपातली आहे. क्लासिकमध्ये मास्टर लूटरचे, म्हणजे जिंकलेल्या वस्तू वाटण्याचे, काम माझ्याकडे होते. मोल्टन कोअरमध्ये रॅग्नारॉस हा बॉस पडला आणि ऑन्स्लॉट गर्डल हा कमरपट्टा निघाला, ज्याची आमचा मुख्य वॉरियर टँक कित्येक आठवडे वाट पाहत होता. गटाने एकमताने तो त्याला दिला, आणि मी यादीत त्याच्या खालच्या नावावर क्लिक केले. पट्टा गेला एका पॅलाडिनकडे, जो त्या वेळी जागेवर नव्हता.

इथे एक गोष्ट माझ्या मदतीला आली. अशी चुकून गेलेली वस्तू दोन तासांच्या आत, त्या लढाईत हजर असलेल्या दुसऱ्याला देता येते, मात्र मिळालेल्याने ती एकदा अंगावर चढवली की संपले. म्हणजे माझ्याकडे लाजण्यासाठी वेळच नव्हता. मी माइक सुरू करून म्हटले, ‘चूक माझी आहे, चुकीच्या नावावर क्लिक केले, त्याला फोन करणे ज्याला शक्य असेल त्याने आत्ता करा.’ चाळीस जणांपैकी एकाकडे त्याचा नंबर निघाला. पॅलाडिन चहा करत होता. मी आधी दहा मिनिटे ‘बघते, काहीतरी गडबड दिसते’ असे म्हणत घालवली असती, तर त्याने परत येऊन नवा पट्टा बघून आनंदाने घातला असता, आणि त्यात त्याचा काहीच दोष नसता.

हैदराबाद, रेड लीडर

पुढारपण करणाऱ्याची कबुली वेगळी असते, आणि ती मला फार उशिरा जमली. आइसक्राउनमध्ये फेस्टरगट या बॉसच्या लढाईत टँकवर एक परिणाम साचत जातो. दहाचा आकडा झाला की स्फोट होऊन टँक जातो, म्हणून नवाला दुसऱ्या टँकने बॉस ओढून घ्यायचा. ‘मी सांगेन तेव्हाच बदला’ असा नियम मीच घातला होता. एका रात्री मी हीलरांच्या मानाकडे, म्हणजे उरलेल्या जादूच्या शक्तीकडे, बघण्यात गुंतलो आणि सांगायचे विसरलो. टँकचा स्फोट झाल्यावर माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते ‘आकडा दिसत नाही का तुम्हाला?’ असे होते. दोघेही टँक गप्प राहिले. दोघांनाही आकडा दिसत होता, पण माझा नियम मोडायचा नाही म्हणून ते थांबले होते.

रेड संपल्यावर एका टँकने मला खासगी निरोप लिहिला : ‘दादा, पुढच्या वेळी आम्ही आमच्या मनाने बदलले तर चालेल का?’ त्याने दोष दिला असता तर मी कदाचित भांडलो असतो. त्या ‘चालेल का’ने मला झोप लागली नाही. पुढच्या रेडच्या सुरुवातीला, पहिली लढाई सुरू करण्याआधी, मी सर्वांसमोर सांगितले की मागचा वाइप माझ्या विसरण्याने झाला, टँकवर ओरडणे अन्यायाचे होते, आणि यापुढे नवाला टँक स्वतःच बदलतील. त्या रात्री नंतरच्या एका वाइपमध्ये तीन जण एकाच वेळी ‘मी, मी चुकलो’ असे बोलले. त्याआधी वर्षभरात माझ्या गटात कोणी न विचारता कधी बोलले नव्हते, आणि मी समजत होतो की माझे लोक फारसे चुकत नाहीत.

योकोहामा, व्हाइट मेज

मी फायनल फँटसी चौदा जपानी सर्व्हरवर खेळतो. तिथल्या आठ जणांच्या सॅव्हेज, म्हणजे अवघड पातळीच्या, रेडमध्ये बहुधा कोणीही माइक वापरत नाही. वाइप झाला की ज्याच्याकडून चूक झाली तो चॅटमध्ये एका शब्दाची माफी लिहितो, बाकीचे ‘हरकत नाही’ अशा अर्थाचे काहीतरी टाकतात आणि पुन्हा सुरू. धागाकर्त्यांनी कॉम्बॅट लॉगचा उल्लेख केला आहे, म्हणून एक फरक सांगतो. या खेळाच्या नियमांत बाहेरची साधने वापरायला मनाई आहे, त्यामुळे कोणी लॉगमधले आकडे पुढे करून ‘तू इथे चुकलास’ असे चॅटमध्ये म्हणणे त्याच्याच अंगाशी येऊ शकते. अशा ठिकाणी काय घडले हे गटाला कळण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ज्याचे त्याने सांगणे.

सुरुवातीला मी ही माफी निव्वळ रीत समजत असे आणि प्रत्येक वाइपला, माझा संबंध असो वा नसो, लिहून मोकळा होई. एकदा गटातल्या एकाने विचारले, ‘तुमच्याकडून नक्की काय झाले?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून मी माफीसोबत चार शब्द जोडतो : ढाल उशिरा टाकली, उजवीकडे जायचे तर डावीकडे गेलो, असे.

ठाणे, हीलर

योकोहामाकरांचा शेवटचा परिच्छेद वाचून लिहावेसे वाटले. मी आमच्या गटातली एकटीच बाई होते आणि पहिले सहा महिने माइक बंद ठेवून खेळले. आवाज ऐकल्यापासून माझी चूक ही माझी एकटीची राहिली नाही. ‘म्हणूनच म्हणतो, मुलींना हीलर करू नये’ हे वाक्य अर्धवट विनोदाने यायचेच. त्यावर मी काढलेला मार्ग उलटाच होता. कोणी काही बोलण्याआधी मीच ‘माझ्यामुळे झाले’ म्हणून टाकत असे, म्हणजे टोमणा तरी टळे. त्यातल्या निम्म्या वेळी चूक भलत्याचीच असे, आणि तो मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकून पुढच्या वेळी तीच करी. म्हणून इथे कबुलीचे जे कौतुक चालले आहे त्याला एक आडकाठी घालते. चुकीची किंमत सर्वांना सारखी पडत नसेल, तर खरे बोलणेही सर्वांना सारखे सोपे नसते. मी तो गट सोडला. आताच्या गटात माझ्या वाइपनंतर ‘पुढच्या वेळी कूलडाउन (राखून ठेवायची मोठी शक्ती) आधी वापर’ एवढेच म्हणतात, आणि मी फक्त माझ्याच चुका कबूल करते.

कोल्हापूर, डेस्टिनी

थोडक्यात. डेस्टिनी दोनमधल्या व्हॉल्ट ऑफ ग्लासमध्ये ओरॅकल नावाची लक्ष्ये ज्या क्रमाने उमटतात त्याच क्रमाने फोडावी लागतात, म्हणून आम्ही सहा जणांत क्रमांक वाटून घेतो. मी तिसरा होतो. ‘तिसरा कोणाचा?’ असे सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडलो होतो.

सांगली, रोग

सगळ्यांनी एवढे मोकळेपणाने लिहिले आहे, तर माझेही एक बाहेर काढतो. हे मी आजवर कोणालाच सांगितलेले नाही. नॅक्सरॅमसमधल्याच थॅडियस या बॉसच्या लढाईत प्रत्येकाला धन किंवा ऋण भार मिळतो, आणि सारख्या भाराच्यांनी एका बाजूला उभे राहायचे असते. भार बदलला, मी बघितले नाही, आणि समोरच्या सगळ्या टोळक्याला मी एकट्याने भाजून काढले. पहिली शिवी कानावर येण्याआधी मी राउटरची वायर उपटली. अर्ध्या तासाने परत येऊन सांगितले की आमच्याकडे लाइट गेली होती. परदेशी मंडळींनी मनापासून हळहळ व्यक्त केली. एकाने तर इन्व्हर्टरची माहिती शोधून पाठवली.

आमचा रेड लीडर स्वीडनचा होता. गिल्ड केव्हाच बंद पडले, पण दरवर्षी दिवाळीला त्याच्या शुभेच्छा न चुकता येतात, आणि त्याखाली दरवर्षी तो विचारतो, ‘तुमच्याकडची वीज आता तरी नीट असते ना?’ मी दरवर्षी ‘हो, बरीच सुधारली’ असे लिहितो.