डिजिटल पेंटिंग आधी शिकू की वॉटरकलर?

रंगवेडी: मला चित्रकला मनापासून शिकायचीय, टॅब्लेट घ्यावा की कागद-ब्रश तेच ठरत नाहीये. डिजिटलवर शिकलं की हात कच्चा राहतो असं बरेचजण म्हणतात, खरंय का?

कुंचला: हात कच्चा राहत नाही, पण सवयी वेगळ्या लागतात. वॉटरकलरमधे पांढरा म्हणजे कोरा कागदच, त्यामुळे उजेड कुठे ठेवायचा ते आधीच ठरवावं लागतं, आणि ओल्या रंगाशेजारी जास्त पाण्याचा ब्रश टेकला की कडेला फुलकोबीसारखा डाग पसरतो, तो पुसता येत नाही. त्या भीतीनेच नजर तयार होते. माझं मत, आधी कागद.

लेयर०७: मला नाही पटत. अन्डू (केलेलं मागे घ्यायची सोय) आहे म्हणून माणूस बिनधास्त प्रयोग करतो, एकाच स्केचवर वेगवेगळ्या लेयरमधे (एकावर एक ठेवलेल्या थरांत) रंगसंगती करून बघता येते, कागदावर तेवढ्यासाठी चित्र परत काढायचं का? ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीने आयुष्यभर कॅनव्हास रंगवले आणि 2010 पासून आयपॅडवरही काढायला लागला, तेव्हा याला शॉर्टकट म्हणणं चूकच. फक्त प्रिंट काढणार असशील तर फाइल सुरुवातीलाच 300 डीपीआयला (दर इंचाला 300 ठिपके) ठेव, आणि स्क्रीनवरचा झगझगीत निळा-हिरवा छपाईत मंद होतो कारण स्क्रीन आरजीबी (लाल-हिरवा-निळा प्रकाश) आणि छपाई सीएमवायके (निळसर, गुलाबी, पिवळी, काळी शाई).

कुंचला: प्रिंटचं बरोबर. तरी ड्रॉइंग दोन्हीकडे लागतंच, मग पेन्सिल आणि साधी वही आजच घे, टॅब्लेटचं नंतर बघ.

रंगवेडी: हे पटलं, थँक्यू दोघांना! वही आणते.