बेळगावात वाईन घ्यायची तर छोट्या वायनरीची की नेहमीचा ब्रँड?

शहापूरकर:
नमस्कार मंडळी. ताई-भावोजींच्या लग्नाला पुढच्या महिन्यात २५ वर्षं होतात. जेवण आमच्याकडं. भावोजी पुण्याचे, वाईन घेणारे. दरवेळी आम्ही सुला आणतो, कारण ती कुठल्याही दुकानात मिळते. यंदा भाचा अडून बसलाय, "मामा, कारखान्याची नको, छोट्या वायनरीची आण." आणतो की, पण बाटलीमागं चार-पाचशे जास्त मोजायचे तर जिभेला फरक कळायला हवा ना? जेवायला सुकं मटण, तिखट रस्सा, भाकरी. पोर्ट सुचवू नका, ती आमच्या आईची राखीव आहे.

नाना_खानापूर:
सुलाच घ्या. रश्श्यापुढं कुठलीही वाईन पाणीच. उरलेल्या पैशात कुंदा आणा.

बागवाला_अथणी:
नाना, जरा थांबा. शहापूरकर, आमच्या भागात बागा बहुतेक थॉमसन द्राक्षाच्या, माल बेदाण्याला जातो. मधे काही वर्षं एका वायनरीच्या करारावर आम्ही थोडी शिराझ, म्हणजे रेड वाईनचं द्राक्ष, लावली होती. पुढं त्यांनी उचल बंद केली आणि आम्ही वेली काढल्या, ते असो. पण खायचं द्राक्ष आणि वाईनचं द्राक्ष यातला फरक स्वतःच्या हातानं केलाय.

थॉमसनचा मणी फुगावा म्हणून आपण घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) द्रावणात बुडवतो. शिराझचा मणी बारीकच हवा. रेडचा रंग आणि तुरटपणा सालीतून उतरतो, मणी जितका लहान तितकी रसाच्या मानानं साल जास्त. वर वेलीवर घडही मोजकेच ठेवायचे. फळछाटणीनंतर आलेले चांगले हिरवे घड कात्रीनं खाली पडायला लागले की आमचे वडील तोंड फिरवून बांधावर जाऊन बसायचे. पैसे किलोवर मिळणार आणि माल आपणच कमी करायचा, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांचं चुकत नव्हतं, वजनावर विकणाऱ्याला ते परवडतच नाही. बाग ज्याची आणि बाटलीवर नावही ज्याचं, त्यालाच परवडतं. तुमचे जादा चार-पाचशे त्या खाली पडलेल्या घडांचे. आणि वाईन मुरवायच्या लाकडी पिंपाचे. २२५ लिटरच्या एका पिंपातून जेमतेम ३०० बाटल्या निघतात.

मोठी कंपनी अनेक शेतकऱ्यांचा माल घेते, टाक्यांत मेळ घालते आणि दरवर्षी तीच चव देते. त्यात लबाडी नाही, कसब आहे. फक्त पाऊस लांबलेलं साल आणि कोरडं साल त्या बाटलीत सारखंच लागतं.

आता छोटी म्हणजे कुठली, तेही बघून घ्या. नाशिकची यॉर्क ही एका कुटुंबाची वायनरी, २०२१ मध्ये ती सुलाकडं गेली. लेबल मात्र तेच आहे. स्वतःच्या बागेवर चालणाऱ्यांत निफाडची रेव्हेलो, आणि आपल्या कर्नाटकात हंपीकडची कृष्मा. इगतपुरीची व्हॅलोनेही लहानच.

शहापूरकर:
यातलं एकही नाव आमच्या दुकानात दिसलं नाही हो.

बागवाला_अथणी:
दिसणार कसं? दारूचा कारभार राज्याराज्याचा वेगळा. प्रत्येक लेबल प्रत्येक राज्यात वेगळं नोंदवायचं, दरवर्षी फी भरायची. थोड्या पेट्या काढणारा माणूस बेळगावसाठी तो खर्च कशाला करेल? म्हणून कोल्हापुरात मिळणारी बाटली इथं येत नाही. भाच्याच्या नादानं डिकीत घालून कोगनोळी नाक्यावरून आणू नका, अबकारीवाल्यांनी धरलं तर पंचविसावा वाढदिवस तिथंच. आधी कर्नाटकातली बघा.

आणि दुकान बघून घ्या. शोकेसमध्ये उन्हाला उभी राहून मे महिना काढलेली दोन हजारांची बाटली घेण्यापेक्षा रोज खपणारी सुला कधीही बरी. हे मी छोट्यांच्या बाजूचा असून सांगतोय. मागं गोदामात आडव्या ठेवलेल्या आहेत का, विचारा. बुचाऐवजी फिरकीचं झाकण असेल तर नाक मुरडू नका, आपल्या हवेत ते सोयीचंच.

कॅम्पातली_मावशी:
रश्श्याबरोबर तुरट रेड अजिबात नको! तिखट आणखी भडकतं, आमच्याकडं नाताळात सगळे घोटाघोटाला पाणी मागत होते. रश्श्याला गार रोझे, म्हणजे गुलाबी वाईन, नाहीतर शेनँ ब्लाँ ही जराशी गोडसर व्हाईट द्या, ती मोठ्या ब्रँडची असली तरी चालेल. भारी रेड आधी, सुक्याबरोबर. तीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून. खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात ते युरोपातल्या खोल्यांचं, आपल्या पत्र्याखालचं नव्हे.

बागवाला_अथणी:
मावशींचं मान्य. एकच बाटली छोट्याची घ्या, सुक्यासाठी. बाकी नेहमीची.

शहापूरकर:
आज दुकानात जाऊन आलो. हंपीची रेड मागवून देतो म्हणाला, आठ दिवस लागतील. शिवाय कोपऱ्यातली एक २०१७ ची व्हाईट दाखवली, धूळ पुसून. "साहेब, जुनी तितकी भारी." निम्म्या दरात देतोय. घेऊ का?

बागवाला_अथणी:
रेडची ऑर्डर देऊन टाका. त्या व्हाईटचा रंग काय आहे?

शहापूरकर:
चहासारखा.

कॅम्पातली_मावशी:
राहू दे तिथंच.