एलेव्हेटर मधल्या जागी नेमका परत येत नाही : सर्व्हो, पुशरॉड आणि हॉर्न यांची जुळवणी कशी तपासावी?

प्रश्न : वऱ्हाडी बाल्सा

नमस्कार. मी नागपूरला असतो. नुकतेच १.२ मीटर पंखविस्ताराचे, धडावर पंख असलेले, चार चॅनेलचे (म्हणजे चार स्वतंत्र नियंत्रणांचे), बाल्सा या हलक्या लाकडाचे, रेडिओवर चालणारे शिकाऊ मॉडेल विमान बांधून पूर्ण केले. एलेव्हेटर (शेपटीची वर-खाली होणारी आडवी पट्टी) आणि रडर (शेपटीची उभी पट्टी) यांचे सर्व्हो, म्हणजे त्या पट्ट्या भुजेने हलवणाऱ्या छोट्या मोटरी, पंखाखाली धडात बसवले आहेत. तिथून शेपटीपर्यंत नायलॉनची बाहेरची नळी असून तिच्यातून सुमारे ६०० मिमी लांबीची, नायलॉनचीच आतली नळी सरकते; तीच पुशरॉड, म्हणजे सर्व्होची हालचाल पोहोचवणारा दांडा.

स्टिक मागे ओढून सोडली की एलेव्हेटर मधल्या जागेपेक्षा सुमारे २ मिमी वर थांबतो. पुढे ढकलून सोडली की तितकाच खाली राहतो. शिवाय पूर्ण स्टिकला तो वर १६ मिमी जातो, पण खाली ९ मिमीच येतो. मधली जागा साधण्यासाठी मला ट्रान्समीटरमधील सब-ट्रिम (सर्व्होचा मध्य थोडा सरकवणारी सोय) बरेच वापरावे लागले आहे. त्यातही सकाळी नीट बसवलेला एलेव्हेटर दुपारी गच्चीवर पाहिला तर सरकलेला दिसतो. सर्व्हो बदलावा का? या स्थितीत विमान उडवण्याचे धाडस मला होत नाही.

उत्तर १ : पुशरॉड

न उडवण्याचा तुमचा निर्णय अगदी योग्य आहे. सर्व्हो मात्र इतक्यात बदलू नका, कारण तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारींची कारणे बहुधा तीन वेगवेगळी आहेत.

सर्वप्रथम मोटरचा पंखा काढून ठेवा. पुढचे सारे काम त्याच्याविना करायचे आहे. मग एलेव्हेटरच्या हॉर्नवरून (एलेव्हेटरला लावलेल्या भोकांच्या छोट्या दांडीवरून) क्लेव्हिस, म्हणजे पुशरॉडच्या टोकाचा चिमट्यासारखा जोड, सोडवा. विमान आडवे धरल्यावर एलेव्हेटर स्वतःच्या वजनाने सहज खाली पडला पाहिजे. तो अडकत असेल, तर बिजागरीत गोंद शिरला आहे किंवा तिची रेषा सरळ नाही. त्यानंतर सर्व्होकडचे टोकही सोडवा आणि आतली नळी दोन बोटांनी पुढे-मागे सरकवून पाहा. शेवटी पुशरॉड नसलेल्या सर्व्होच्या भुजेपाशी धडावर पेन्सिलीने खूण करा आणि दोन्ही बाजूंनी स्टिक सोडून भुजा त्याच खुणेवर येते का ते तपासा. घर्षण कुठे आहे, हे या तीन चाचण्यांतून स्पष्ट होईल.

माझा अंदाज नळीवर आहे. बाहेरची नळी केवळ दोन टोकांना चिकटवलेली असली, तर सर्व्होने ढकलल्यावर ती मध्येच वाकते आणि ओढल्यावर ताणून सरळ होते. म्हणजे सर्व्होची काही हालचाल शेपटीपर्यंत पोहोचतच नाही. ही नळी दर १०० ते १५० मिमीवर धडाच्या आतील आडव्या फळीला किंवा बाल्साच्या तुकड्याला पक्की चिकटलेली हवी आणि तिचा मार्ग शक्य तितका सरळ हवा. एस आकाराचे आखूड वळण असेल, तर कितीही वंगण घालून उपयोग होणार नाही.

दुपारच्या सरकण्याचे कारण ऊन आहे. तापमान २० अंशांनी वाढले, तर ६०० मिमी लांबीचे नायलॉन जवळजवळ १ मिमीने लांबते. हॉर्नचे भोक बिजागरीपासून १५ मिमीवर असेल, तर तेवढ्याने एलेव्हेटर सुमारे ४ अंश फिरतो, आणि उन्हात ठेवलेल्या विमानाच्या बंद धडात २० अंशांचा फरक सहज पडतो. विदर्भात उडवायचे असेल, तर मी एलेव्हेटरसाठी नायलॉन वापरणारच नाही. कार्बनची पोकळ नळी किंवा बाल्साची जाड चौकोनी काठी घ्या, तिच्या टोकांना २ मिमी स्प्रिंग तार बसवा आणि तो जोड दोऱ्याने गुंडाळून इपॉक्सीने पक्का करा.

उत्तर २ : समकोन

वर-खाली असमान हालचालीबद्दल लिहितो, कारण नवीन विमानांत मला हीच चूक सर्वाधिक दिसते.

ट्रान्समीटरमधील सब-ट्रिम आणि ट्रिम दोन्ही शून्यावर आणा आणि सर्व्होला वीज देऊन तो मध्यावर येऊ द्या. आता भुजा काढून अशी बसवा की ती पुशरॉडशी ९० अंशांत येईल. बहुतेक वेळा ती नेमकी बसत नाही, कारण भुजा ज्यावर बसते त्या सर्व्होच्या अक्षाचे दाते आडवे येतात. २५ दात्यांच्या सर्व्होत एक दाता म्हणजे १४.४ अंश, पण २५ ला ४ ने पूर्ण भाग जात नसल्याने चार हातांच्या, फुलीच्या आकाराच्या भुजेचा प्रत्येक हात ३.६ अंशांनी वेगळ्या जागी पडतो. म्हणून चारही हात आळीपाळीने लावून पाहा, जो काटकोनाच्या सर्वांत जवळ येईल तो ठेवा आणि बाकीचे कापून टाका. उरलेला किरकोळ फरक क्लेव्हिसने काढा. २ मिमी आट्यांवर क्लेव्हिसचा एक पूर्ण फेरा म्हणजे ०.४ मिमी, तेव्हा अर्ध्या फेऱ्याने किती फरक पडेल हे आधीच कळते.

हॉर्नची भोके बिजागरीच्या रेषेच्या बरोबर वर आहेत का, हेही पाहा. ती मागे गेलेली असतील, तर सर्व्हो कितीही अचूक असला तरी हालचाल असमानच राहते.

आता भोकांची निवड. भुजेचे भोक ८ मिमीवर, हॉर्नचे १८ मिमीवर आणि सर्व्हो दोन्हीकडे ४५ अंश फिरत असेल, तर एलेव्हेटर सुमारे १८ अंश वळतो; ४० मिमी रुंदीच्या एलेव्हेटरच्या मागच्या कडेला हे १२ मिमी होतात आणि शिकाऊ विमानाला ते पुरेसे असतात. भुजेचे बाहेरचे भोक वापरून नंतर ट्रान्समीटरमध्ये हालचाल निम्मी करणे मला मान्य नाही. त्याने सर्व्होचा जोर वाया जातो, अचूकता घटते आणि जोडांतील प्रत्येक ढिलाई एलेव्हेटरवर मोठी होऊन उमटते. वेगात असताना ही ढिलाईच फ्लटरला, म्हणजे एलेव्हेटरच्या अनावर थरथरण्याला, निमंत्रण देते आणि काही क्षणांत शेपटी तुटू शकते.

उत्तर ३ : सपाट तळ

एलेरॉनला (विमान कलंडवणाऱ्या, पंखाच्या मागच्या कडेच्या पट्टीला) मात्र असमान हालचाल मुद्दाम द्यावी लागते. खाली गेलेला एलेरॉन हवेचा जास्त अवरोध निर्माण करतो आणि विमानाचे नाक वळणाच्या उलट दिशेला खेचले जाते. म्हणून वर १२ मिमी, तर खाली ७ मिमीच्या आसपास ठेवावे. हॉर्न पंखाखाली असेल, तर सर्व्होची भुजा मध्यावर असताना पंखाच्या पुढच्या कडेकडे थोडी झुकलेली ठेवा. हा फरक आपोआप मिळतो. वरच्या उत्तरातील काटकोनाचा नियम एलेव्हेटर आणि रडर यांच्यासाठी आहे, एलेरॉनला तो डोळे झाकून लावू नका.

प्रश्नकर्त्याकडून : वऱ्हाडी बाल्सा

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. तिन्ही चाचण्या केल्या. सर्व्हो निर्दोष निघाला आणि बिजागरीही मोकळी होती. नळी मात्र मध्ये कुठेच चिकटवलेली नव्हती आणि शेपटीजवळ तिला तीव्र वळण होते. ती काढून कार्बनची नळी बसवली. भुजेचा तिसरा हात काटकोनात आला आणि सब-ट्रिम शून्यावर ठेवता आले. आता एलेव्हेटर दोन्हीकडे १२ मिमी जातो आणि कोणत्याही बाजूने सोडला तरी मधल्या जागीच येतो. दुपारी गच्चीवर तासभर ठेवून पुन्हा मोजले, डोळ्यांना दिसेल इतका फरक नाही.

उत्तर ४ : पुशरॉड

उत्तम. दोन गोष्टी तेवढ्या करा. प्रत्येक क्लेव्हिसवर इंधननळीचा छोटा तुकडा सरकवून ठेवा, म्हणजे हादऱ्यांनी तो उघडणार नाही. आणि मैदानावर, उड्डाणापूर्वी, विमानाच्या मागे उभे राहून दिशा तपासा : स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर, मागे ओढली की एलेव्हेटर वर. इतके जोड सोडून पुन्हा बसवल्यावर एखादी दिशा उलटी राहणे फार सोपे असते.