मदत हवी आहे: जनुकीय चाचणी आधी कोणाची, माझी की आईची?

नमस्कार. पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते आहे.

माझे वय ३८. आईला ४४ व्या वर्षी डाव्या स्तनाचा कर्करोग झाला होता आणि उपचारांनंतर सतरा वर्षे तिची प्रकृती उत्तम होती. गेल्या वर्षी, ६१ व्या वर्षी, उजव्या स्तनात गाठ सापडली. जुना आजार उलटलेला नसून हा नव्याने उद्भवलेला, स्वतंत्र कर्करोग आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन पार पडले असून आता लेट्रोझोल ही इस्ट्रोजेन संप्रेरक कमी करणारी गोळी सुरू आहे. तिच्यामुळे सकाळी आईची बोटे इतकी आखडलेली असतात की टूथपेस्टचे झाकण फिरवायला ती मला हाक मारते. गोळी मात्र तिने एक दिवसही चुकवलेली नाही.

या धास्तीने मी मागच्या महिन्यात पहिला मॅमोग्राम (स्तनांचा एक्स-रे) करून घेतला. अहवालात ‘संशयास्पद काही आढळले नाही’ असे आहे आणि त्याच्याच खालच्या ओळीत ‘स्तनांची घनता: वर्ग डी’, म्हणजे सर्वांत जास्त घनता, असे आहे. रेडिओलॉजिस्ट बाईंनी पडद्यावर चित्र दाखवले, तेव्हा पिंजून ठेवलेल्या कापसासारखे सगळे पांढरेच दिसत होते. घन ऊती पांढरी दिसते आणि गाठही पांढरीच दिसते, त्यामुळे या निर्वाळ्यावर फार विसंबू नका, असे त्या म्हणाल्या.

मग वाचन सुरू केले. नेदरलँड्समधील ‘डेन्स’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. मॅमोग्राम स्वच्छ, पण घनता अत्यंत जास्त अशा स्त्रियांना त्यात एमआरआय देऊ केला होता. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात लक्षात येणाऱ्या कर्करोगांचे प्रमाण हजारी ५ वरून २.५ वर आले. मात्र त्या स्त्रिया ५० ते ७५ वयाच्या होत्या आणि पहिल्या फेरीत हजारी सुमारे ८० जणींना एमआरआयमुळे विनाकारण पुढच्या तपासण्यांना सामोरे जावे लागले. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०२४ मध्ये ४० व्या वर्षापासून दर दोन वर्षांनी मॅमोग्राम करण्याची शिफारस केली, पण केवळ घनतेसाठी एमआरआय करावा की नाही, यावर पुरावा अपुरा असल्याचे म्हटले. म्हणजे माझ्यासारखीने काय करायचे ते यातून ठरत नाही. ते बहुधा जनुकांवरूनच ठरेल.

इथेच गाडी अडली आहे. जनुकीय समुपदेशक म्हणतात की चाचणी आधी आईची व्हावी. आई म्हणते, “माझे आता काय राहिले आहे? तुझी करून घे.” तिच्या मनातली खरी भीती मला कळते: जनुकात दोष निघाला तर तो आपण मुलीला दिला, असे तिला वाटेल. माझीच चाचणी केली तर चालणार नाही का? आणि चालणार नसेल, तर तिला कसे सांगावे?

प्रतिसाद १

मी स्वतः बीआरसीए-२ या जनुकातल्या दोषाची वाहक आहे (बीआरसीए-१ आणि २ मधल्या दोषांमुळे कर्करोगाची शक्यता खूप वाढते), म्हणून लिहिते. तुमची एकटीची चाचणी करता येईल, पण ती निर्दोष आली तर त्याचे दोन अर्थ निघतात: आईमधला दोष तुमच्याकडे आला नाही, किंवा कुटुंबातले कारण या चाचणीला सापडणारेच नाही. पहिल्या अर्थाने तुम्ही निश्चिंत होता, दुसऱ्याने नाही, आणि यांतला कोणता खरा हे आईच्या अहवालाशिवाय कळत नाही. तिच्यात दोष सापडला, तर तुमच्याकडे तोच एक नेमका शोधायचा असतो आणि उत्तर स्वच्छ मिळते. चाचणी केवळ बीआरसीएपुरती न ठेवता पीएएलबी-२, एटीएम, सीएचईके-२ वगैरे जनुकांसह करावी.

आता आईंचा मुद्दा. “माझे काय राहिले” हे बरोबर नाही. बीआरसीए दोष असलेल्या सुमारे दहा हजार वाहक स्त्रियांचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात ८० व्या वर्षापर्यंत स्तनांच्या कर्करोगाची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास दिसली, पण बीजांडकोशाच्या (ओव्हरीच्या) कर्करोगाचीही बीआरसीए-१ मध्ये ४४ आणि बीआरसीए-२ मध्ये १७ टक्के होती. तो कर्करोग लवकर पकडणारी भरवशाची नियमित तपासणी नाही, म्हणूनच वाहक स्त्रियांना बीजांडकोश काढून टाकण्याचा सल्ला देतात. तेव्हा चाचणी मुलीसाठी कर, असे म्हणू नका. तुझ्या पोटात बीजांडकोश अजून आहेत, त्यांच्यासाठी कर, असे सांगा.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. दोन गोष्टी जोडतो. आईची चाचणी निर्दोष आली, तरी ४४ व्या वर्षीचा कर्करोग तुमच्या कौटुंबिक इतिहासातून पुसला जात नाही. घनता आणि इतिहास एकत्र धरून जोखीम मोजून घ्या आणि एमआरआयचा निर्णय त्या आकड्यावर घ्या. तसेच वडिलांकडच्या आत्या आणि आजीचीही चौकशी करा, कारण हे दोष वडिलांकडूनही तितकेच येतात आणि लोक नेमके तिकडे विचारायचे विसरतात.

बोटांच्या आखडण्याबद्दल डॉक्टरांना जरूर सांगा. सहन करत बसण्याची गरज नसते; नियमित व्यायामाने हे दुखणे कमी होते असे अभ्यासांत दिसले आहे आणि त्याच वर्गातली दुसरी गोळीही देऊन पाहता येते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री आईला बीजांडकोशांबद्दल सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हे मला कोणी आधी का सांगितले नाही?” आज सकाळी तिने स्वतःहून एकच प्रश्न विचारला: रक्त द्यायला उपाशीपोटी जावे लागते का? मला वाटते लागत नाही. कोणी खात्रीने सांगू शकेल का?